जावयाच्या ताटातलं हाड

बिश्केक,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय बुरुल एजे,

कागदाचं पाकीट हातात पडल्यावर तू आधी घाबरशील, मग चिडशील, मग वाचायला बसशील. तुझा क्रम मला पाठ आहे. म्हणून आधीच सांगते : मी आजारी नाही, परीक्षेत नापास झाले नाही आणि मला लग्नासाठी कुणी पळवूनही नेलेलं नाही. नेलं असतं तर एव्हाना त्या घरच्या बायका तुझ्या दारात चहा पीत बसल्या असत्या. हे पत्र नारीनच्या टॅक्सीवाल्या कुबातबरोबर पाठवतेय. त्याला बजावून सांगितलंय की एजेच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्याच हातात द्यायचं, तिच्या नवऱ्याच्या, जेज्देंच्या नाही, शेजारणीच्या नाही. तो म्हणाला, "पोरी, आजपर्यंत मी या गाडीतून मेंढीचं मुंडकं नेलंय, नवरीचा झगा नेलाय, पत्र पहिल्यांदाच नेतोय." फोन का केला नाही ते पुढे कळेल. एक कारण आत्ताच सांगते, फोनवर तू रडलीस की मी विरघळते आणि सांगायचं ते राहूनच जातं. कागद रडत नाही.

कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. इथे सगळं नेहमीसारखंच आहे : धूर इतका की समोरची इमारत दिसत नाही, खोलीतली नरगिझा रोज दोन शाली पांघरून अभ्यास करते आणि तिसरीसाठी माझ्याकडे बघते. तू गावात सांगत असतेस की आमची सेझिम पोलिसांची फोटोग्राफर होणार. मी किती वेळा सांगितलं, अगं, मी फोटो काढत नाही, दुसऱ्यांनी काढलेले तपासते. एखादा व्हिडिओ कोर्टात आला की तो खरा आहे का, कुठे कापलाय का, कुठून कुठे जोडलाय का, त्यातली वेळ बरोबर आहे का, आवाज त्याच ठिकाणचा आहे का, हे बघायला आम्ही शिकतो. तू म्हणालीस, "म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं." तेव्हा मी हसले होते. आता तुझं ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

आमचे ओमुर्बेक अगाय पहिल्याच तासाला फळ्यावर एक वाक्य लिहितात आणि वर्षभर पुसू देत नाहीत. चित्रात जे आहे ते लिहा. चित्राबाहेरचं काही तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही तज्ज्ञ नाही, साक्षीदार आहात. आम्ही त्याची टिंगल करायचो. कँटीनमध्ये कुणी विचारलं की भाजी कशी आहे, तर आमच्या वर्गातला ग्लेब म्हणायचा, "चित्रात बटाटा दिसतो, चवीबद्दल मी साक्षीदार." हे वाक्य एक दिवस माझ्याच मानेवर बसेल असं वाटलं नव्हतं.

तुला आठवतं, माझ्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी जेज्दे मला घेऊन बिश्केकला निघाले होते? दोलोनची खिंड ओलांडली आणि मला आठवलं की माझं ओळखपत्र तुझ्या शिवणयंत्राच्या खणात राहिलं. मी रडायलाच लागले. दुसरा कुणी असता तर कानाखाली वाजवली असती. जेज्देंनी गाडी वळवली, साठ किलोमीटर मागे आले, तू दारात "काय झालं, काय झालं" करतेस तोवर खणातून ओळखपत्र घेतलं आणि पुन्हा निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "विसरलेली वस्तू आणायला लाज कसली? परत जायला रस्ता असतोच." आई गेल्यावर मी अकरा वर्षांची तुझ्या घरी आले, त्या दिवसापासून त्यांनी मला मेहुणी म्हणून वागवलं नाही, मुलगी म्हणून वागवलं. पोटच्या बेक्तुरला जे आणलं ते मला आणलं. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात हे हरवून जाईल अशी भीती वाटते.

तर ऑक्टोबर. आपले काका साबिर आबा, त्यांच्या मुलाचं लग्न, नारीनच्या हॉलमध्ये जेवणावळीचा तोय, आणि माझी नेमकी त्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा. घरातलं पहिलं लग्न मी चुकवलं म्हणून आबांची बायको, कुलबारा झेंगे, अजून माझ्याशी धड बोलत नाही. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तुझा फोन आला, आवाज अगदी सपाट. पोलीस आले होते. तोयच्या संध्याकाळी नारीनहून आपल्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर दूधवाल्या मैराम आपाला कुठल्या तरी गाडीनं उडवलं होतं. दोन्ही पाय मोडले, पावणेदोन तास ती चरात पडून होती, मग एका ट्रकवाल्याला दिसली. वेळही नक्की होती, कारण ती तेव्हा मुलीशी फोनवर बोलत होती आणि आठ बत्तीसला फोन तुटला. पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात एक पांढरी गाडी, नंबर चिखलानं माखलेला. अशी पांढरी गाडी अर्ध्या जिल्ह्याकडे आहे. पण जेज्देंच्या गाडीचा दिवा त्याच आठवड्यात बदललेला. जेज्दे म्हणाले गाईनं शिंग मारलं. आणि तू म्हणालीस, "ते तर माझ्या शेजारून उठलेच नाहीत, सेझिम. मी तसा जबाब दिलाय. पण बायकोच्या शब्दाला कोण विचारतंय!"

आणि मग मी, शहाणी, दोन वर्षं शिकलेली, काय म्हणाले ते आठवतं ना? "अगं एजे, घाबरतेस काय? तोयचा व्हिडिओ आहे ना! व्हिडिओवाल्याकडून घे आणि दे नेऊन. चित्र खोटं बोलत नाही." तू म्हणालीस, "व्हिडिओ कशाला, राहू दे." मी हट्टानं म्हणाले, राहू दे काय, तो तर पुरावा आहे, मला विचार! तू गप्प राहिलीस. मला वाटलं तुला तांत्रिक गोष्टींची धास्ती वाटते. आज त्या गप्प राहण्याचा मी रोज वेगळा अर्थ लावते आणि संध्याकाळपर्यंत तो खोडते.

व्हिडिओ दिलात. त्यात साबिर आबा भाषण करताहेत, त्यांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ, त्यात साडेआठ वाजून दोन-तीन मिनिटं, आणि भाषणाच्या मधोमध जेज्दे टाळ्या वाजवताहेत. तूच मला फोनवर सांगितलंस, "दिसले गं, ते दिसले." आपण दोघी रडलो. मी नरगिझाला सामसे खाऊ घातले. सगळं मिटलं असं मला वाटलं. मैराम आपाला कुणी उडवलं हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून तेव्हाच गेला, हेही लिहून ठेवते. लहानपणी दूध घालायला आली की ती मला पळीभर आयरान, ते आंबट ताक, फुकट द्यायची, "पी, हाडं मजबूत होतील" म्हणायची. तिची हाडं मोडली आणि मी सामसे वाटत होते.

आता जानेवारी. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तुला ठाऊक नसेल, पण वादातले व्हिडिओ कुठल्याही जिल्ह्यातले असोत, शेवटी आमच्याच संस्थेत येतात, आणि त्यातले काही सगळ्यांचे चेहरे पुसून, आवाज काढून, आम्हाला सरावाला देतात. अगायनी एका तोयचा व्हिडिओ लावला. म्हणाले, "एका माणसाचं म्हणणं आहे की भाषण चालू असताना तो हॉलमध्ये होता. यंत्रानं काही सापडलेलं नाही. बघा तुम्हाला काय दिसतं." चेहऱ्यांच्या जागी धुरकट ठिपके. नुसते कोट, टोप्या, हात आणि ताटं. मुलं तुटून पडली. कुणी उजेड मोजला, कुणी रंग, कुणी फाईलचे आकडे. सगळं एकसारखं. असणारच, कारण तोयचे व्हिडिओ कापून, जोडून, गाणी घालूनच देतात, शेवटी एकच फाईल होते. ग्लेब म्हणाला, "माणूस आहे, भाषण आहे, घड्याळ आहे. संपलं. जेवायला चला."

मी मात्र ताटं बघत होते, एजे. तूच मला शिकवलंस ना पाहुण्यांत बसल्यावर आधी ताटं बघायची, कुणाचं रिकामं आहे, कुणाला काय वाढलंय. भाषणाच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत सगळ्या टेबलांवर तळलेले बोरसोक, सॅलड, मिठाई, चहाचे पेले. मांस अजून आलेलंच नाही. आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या माणसापुढे मात्र ताटात हाड, आणि ताटाशेजारी घरी न्यायच्या मांसाची गाठ मारलेली पिशवी. मी ताडकन उठले. म्हणाले, हा तुकडा इथला नाही, हा जेवणानंतरचा आहे, उचलून इथे लावलाय. ग्लेब म्हणाला, "हाड तर हाड. भूक लागली असेल, कुणीतरी आधी दिलं असेल." मी म्हणाले, "आधी? म्हाताऱ्यांच्या आधी? अरे, आमच्याकडे कुणाला कुठलं हाड यावरून भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. मोठ्यांच्या पुढे त्यांचं हाड ठेवल्याशिवाय कुणाच्या बापाची हिंमत आहे हात लावायची?" सगळा वर्ग हसला. अगायसुद्धा. मला काय स्फुरण चढलं सांगू! असा दिवस आयुष्यात एकदा येतो असं वाटलं.

अगायनी विचारलं, "आणखी काय दिसतं?" मी पडद्याजवळ गेले. म्हणाले, "हे छातीचं हाड आहे, अगाय. हे जावयाला देतात. म्हणजे हा माणूस ज्या घरचा तोय आहे त्या घरचा जावई आहे." "वा!" अगाय म्हणाले, आणि चित्र पुढे सरकवलं, अगदी हळू. टाळ्या थांबल्या. डावा हात पिशवीकडे गेला. करंगळीशेजारचं बोट, वरचं पेर नसलेलं.

गवत कापायच्या यंत्रात ते बोट गेलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तू घाबरून बाहेर पळालीस आणि मी त्यांच्या हाताला माझा शाळेचा रुमाल बांधला होता.

मी जागेवर येऊन बसले. नरगिझा म्हणाली, "काय झालं, पांढरी पडलीस." मी म्हणाले, भूक लागलीय. अगायनी माझं निरीक्षण माझ्या नावासकट त्याच दिवशी ज्या तज्ज्ञाकडे प्रकरण होतं त्याला कळवलं. मला अडवता आलं असतं का? आलं असतं. हात वर करून म्हणायचं होतं, अगाय, थांबा. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं हे मला अजून समजलेलं नाही. भीती वाटली म्हणून, की इतका सुंदर शोध हातचा जाईल म्हणून? हे दुसरं कारण असेल असं मनात आलं की स्वतःचीच किळस येते.

दोन दिवसांनी मी अगायकडे गेले आणि म्हणाले, ते माझे जेज्दे आहेत. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "तू आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. मी तसं लिहून कळवतो, तुझं निरीक्षण बाजूला ठेवतील, दुसऱ्या माणसाकडून नव्यानं तपासून घेतील. पण पोरी, हाड काही तुझं नातेवाईक नाही. ते तिथेच राहणार." मी विचारलं, मुद्दाम फसवायला जोडलं असेल का? तर त्यांनी सांगितलं की तपास अधिकाऱ्यानं व्हिडिओवाल्याला बोलावलं होतं आणि तो बिचारा हसतच सुटला. म्हणाला, "साहेब, सगळेच असं करतात. तोयच्या घरची बाई मला नावांची यादी देते, कुणाकुणाला कुणाच्या भाषणात दाखवायचं त्याची. जावई नेमका चुलतसासऱ्याच्या भाषणात जागेवर नव्हता. दाखवला नसता तर ती बाई माझे केस उपटणार होती. मी जेवणानंतरच्या टाळ्या घेतल्या आणि लावल्या तिथे. कोर्टाचं काय माहीत मला!" मूळ चित्रं त्यानं केव्हाच पुसून टाकली होती.

एजे, बघ ना काय झालं. जेज्दे जागेवर नव्हते म्हणूनच कुलबारा झेंगेच्या धाकानं ते चित्रात आले. तिला वाटलं जावयाचा मान राखला. मग मी म्हणाले हाच पुरावा. मग मीच उठून तो मोडला. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं आणि तरी सगळं असं गुंतलंय की टोक सापडत नाही. आणि एवढं होऊनही ते हाड काय सांगतं? एवढंच की आठ बत्तीसला ते चित्रात नव्हते. बाहेर सिगरेट ओढत असतील. पोट बिघडलं असेल. शंभर पाहुणे उठत-बसत असतात. मी स्वतःला हे दिवसातून दहादा सांगते. अगाय म्हणतात तसं, चित्रात जे नाही त्यावरून काही सिद्ध होत नाही.

पण मैराम आपाच्या जबाबात एक गोष्ट आहे, ती तूच मला सांगितली होतीस, तुझ्या त्या सपाट आवाजात. ती म्हणते, गाडी थांबली होती. दार उघडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता कुणीतरी येतंय. मग दार पुन्हा लागलं. हे मला सुटत नाही, एजे. साठ किलोमीटर मागे फिरणारा माणूस आणि ते दार लावून घेणारा माणूस, हे दोन तुकडे मी जोडून बघते आणि कुठेच जुळत नाहीत. माझा अभ्यासच असा आहे की न जुळणारं दिसलं की म्हणायचं, यातलं एक खोटं. यातलं कुठलं खोटं म्हणू? मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि तसं वाटलं की मला धड अन्न जात नाही.

मी त्यानंतर तो सरावाचा व्हिडिओ पुन्हा पाहिला नाही, अगायनी तो माझ्याकडून काढून घेतला. पण त्या दिवशी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही. जावयाच्या शेजारी एक बाई आहे, तिचाही चेहरा पुसलेला. सुरुवातीच्या चित्रात ती गडद लाल झग्यात आहे, हात काखेत घालून आखडून बसलीय. अगदी शेवटी, सगळे हात वर करून आशीर्वाद घेताहेत तेव्हा, तिच्या खांद्यांवर पांढरी शाल आहे, आणि शालीचा एक कोपरा तपकिरी. पांढरी लोकर संपली म्हणून मी तो कोपरा तपकिरी विणला होता. तू म्हणाली होतीस, "एवढ्या मोठ्या शहरात पांढरी लोकर मिळाली नाही का गं तुला?" वर्गात कुणाचं लक्ष गेलं नाही. का जावं? थंडी वाजली की बाई शाल घेतेच. तुझा चेहरा पुसलेला होता याचं मला बरं वाटलं. तू कुठे बघत होतीस, दाराकडे की ताटाकडे, ते मला बघावं लागलं नाही.

आता ज्यासाठी हे एवढं लिहिलं ते लिहिते, यापुढे टाळता येणार नाही. तोयच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तू मला फोन केला होतास. तासभर बोललीस. नवरी कशी दिसत होती, कोण रुसलं, कुणाला कुठलं हाड मिळालं. आणि म्हणालीस, "हॉलमधला हीटर बंद, मी नुसती कुडकुडत होते. तुझ्या जेज्देंनी बघितलं, आणि एक शब्द न बोलता घरी जाऊन ट्रंकेतून तुझी शाल घेऊन आले. आबांच्या भाषणातून उठून गेले, बघ. झेंगेनं डोळे वटारले. पण नवरा असावा तर असा." मला इतका आनंद झाला होता की मी नरगिझाला ते दोनदा सांगितलं. त्या रविवारी तुला काही माहीत नव्हतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तुझा आवाज हसत होता. तुला नंतर कधी कळलं? त्यांनी सांगितलं, की दोघंही एकमेकांना काही न विचारता जेवायला बसता? मला ठाऊक नाही. मी मात्र तो फोन एक दिवसही विसरले नव्हते, एजे. तू "शेजारून उठलेच नाहीत" म्हणालीस तेव्हाही मला तो आठवत होता. शाल गाडीतच असेल, तू मला रंगवून सांगितलं असशील, असं म्हणून मी तो दाबून टाकला, आणि वर व्हिडिओ देण्याचा सल्ला दिला. तेव्हा खोटं तू एकटीच बोलत नव्हतीस, मीही बोलत होते. काल मला तपास अधिकाऱ्याचं बोलावणं आलं. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला, नातेवाईक म्हणून. त्यांच्याकडे आपल्या फोनची यादी आहे. त्या रविवारी आपण तासभर बोललो हे त्यांना माहीत आहे, काय बोललो ते माहीत नाही. ते तेच विचारणार. त्याचं चित्र नाही, आवाज नाही, कुठलीही फाईल नाही, फक्त आपण दोघी आहोत. मी खूप शोधलं, पण खोटं बोलायची वाट मला सापडली नाही, आणि खरं बोलून तुझ्याकडे कसं यायचं तीही सापडली नाही. म्हणून हे पत्र. ते उद्या पोलिसांच्या हाती लागलं तरी चालेल, मी काही लपवून लिहिलेलं नाही. माझ्या आधी तू जा, एजे. बुधवारपर्यंत जा. जेज्देंना घेऊन जा, त्यांचं दार त्यांना एकदा परत उघडू दे. नाहीच आले तर एकटी जा, पण मी सांगितलेलं तुझ्यापुढे वाचून दाखवायची पाळी आणू नकोस. बेक्तुरला मी घेऊन येईन इथे, नरगिझाला विचारलंय. आणि तू रात्रंदिवस एकच गोष्ट उगाळत असशील, मी तुला ओळखते, म्हणून तेवढं सांगून थांबते. तुला थंडी वाजत होती, त्यांनी जाऊन शाल आणली, कदाचित तूच मागितली असशील. मैराम आपाला तिथे टाकून यायला तू सांगितलं नव्हतंस.

गुरुवारी दहाच्या आधी तुझीच, आणि दहानंतरही, तू दारात घेतलंस तर, तुझीच,

सेझिम